वेल्ह्याच्या दुधाचे मानकरी

"वेल्ह्याचं सेंटर दिवाळीनंतर बंद," आप्पा म्हणाले आणि समोरचा कागद माझ्याकडे सरकवला. "तुमच्या कॉम्प्युटरनंच सांगितलंय, आतार. मी मनानं काही बोलत नाही."

आप्पा म्हणजे आमच्या डेअरीचे मालक. लेटरहेडवर ते मॅनेजिंग डायरेक्टर होते, पण ड्रायव्हरपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना आप्पाच म्हणत. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतलं दूध आम्ही गोळा करायचो, हायवेवरच्या प्लांटमध्ये आणायचो आणि पिशव्यांत भरून पुण्याला पाठवायचो. भोरला एक चिलिंग सेंटर होतं, वेल्ह्याला एक. चिलिंग सेंटर म्हणजे गावोगावचं दूध आधी जिथं थंड करतात ती जागा. वेल्ह्याचं सेंटर दोन खोल्यांचं, तोरण्याच्या पायथ्याला. वरच्या वस्त्यांवरच्या बायका सकाळी किटल्या घेऊन तिथं उतरायच्या.

आप्पांच्या कागदावर वेल्ह्याच्या नावापुढे खर्च भरपूर होता आणि दूध जवळजवळ नव्हतंच.

"आप्पा, दूध येतं हो. मी डोळ्यांनी बघितलंय."

"डोळ्यांनी बघून धंदा करायचा असता तर तुम्हाला कशाला ठेवलं असतं? गेटवरचा आकडा काढा. वेल्ह्याचा टँकर कधी आत आलाय का?"

नव्हता आला. कारण वेल्ह्याला टँकरच नव्हता. तिथलं दूध टेम्पोतून कॅन भरून चेलाडी फाट्यापर्यंत यायचं. तिथं भोरहून आलेला टँकर उभा असायचा. त्यात जागा शिल्लक असायची, म्हणून वेल्ह्याचे कॅन त्यात रिकामे व्हायचे. प्लांटच्या गेटवर टँकर एकच शिरायचा, आणि त्यावर लिहिलेलं असायचं भोर. थोडक्यात, दूध भोरच्या नावावर आणि डिझेल, वीज, पगार वेल्ह्याच्या नावावर.

"मग ते दुरुस्त करा की," आप्पा म्हणाले. "त्यासाठीच तर तो सेल काढून दिलाय तुम्हाला. दिवाळीपर्यंत वेळ आहे. नाही झालं तर मी कुलूप लावणार."

आता त्या सेलविषयी सांगतो. आप्पांच्या मुलानं पुण्याहून एक कन्सल्टंट आणला होता. त्यानं दोन तास स्लाइड दाखवल्या आणि सांगितलं की कंपनीला एन्टरप्राइज आर्किटेक्चरची गरज आहे. आप्पांनी सगळ्यांत मागं बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. भोरचा मी, कॉम्प्युटरचं काम बघायचो, आणि त्या दिवशी हातात काही नव्हतं. सेल म्हणजे मी, एक टेबल आणि अकाउंट्सवाल्यांनी टाकून दिलेलं एक कपाट. त्या कपाटाचं दार लागायचं नाही.

एन्टरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे काय, हे मी बायकोला सांगितलं तसं तुम्हालाही सांगतो. कंपनीत कोणकोणती सॉफ्टवेअर आहेत, ती एकमेकांना काय सांगतात आणि कुठली माहिती कुणाच्या ताब्यात आहे, याचा नकाशा काढायचा. हे झालं सोपं काम. मग तो नकाशा लोकांना पाळायला लावायचा. बायको म्हणाली, "म्हणजे सासरच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठं, ते ठरवायचं." यापेक्षा चांगली स्लाइड मी आजवर बघितलेली नाही.

आमच्या स्वयंपाकघरात डबे हलवू न देणारी तीन माणसं होती. संकलन विभागाचे धुमाळ, वाहतुकीचे कोंडे आणि जनावरांचे डॉक्टर जोशी. तिघांची तीन सॉफ्टवेअर. धुमाळांच्या प्रोग्रॅममध्ये दूध गावावार, कोंडेंच्या एक्सेलमध्ये गाडीवार. डॉक्टरांनी सगळा मुलूख आपल्या जीपच्या फेरीप्रमाणे वाटून घेतला होता. त्यामुळे विंझर गाव धुमाळांकडे वेल्ह्यात होतं, कोंडेंकडे हायवेच्या गाडीत होतं आणि डॉक्टरांकडे गुंजवणी खोऱ्यात होतं. प्रत्येकाचा कोड वेगळा. आपापल्या कामापुरते तिघंही बरोबर होते. पण तिघांची माहिती एकत्र केली की कुठलं दूध कुठल्या सेंटरचं, हे खुद्द देवालाही कळलं नसतं.

उपाय साधा होता. गावांची एकच यादी, गाड्यांची एकच यादी, आणि त्याच याद्या सगळ्यांनी वापरायच्या. आमच्या धंद्यात याला मास्टर डेटा म्हणतात. प्रत्येक यादीला एक ओनर लागतो. तो म्हणेल ते अंतिम, आणि चुकलं तर जबाबदार तो. मी मीटिंग बोलावली.

पहिल्या मीटिंगला तिघंही आले, कारण वडे होते.

"गावांच्या यादीचे ओनर तुम्ही व्हा," मी धुमाळांना म्हणालो.

"म्हणजे चुकलं की मेमो मला?"

"तुमचं काम आहे ना ते?"

"काम माझं आहे. यादी तुमची आहे." धुमाळांनी चटणी पुसली. "तुम्हीच व्हा ओनर. कपाट आहे तुमच्याकडं."

कोंडे म्हणाले, "माझ्या कोडवर गाड्या धावत्यात साहेब. म्या एक आकडा बदलला तर ड्रायव्हर थेट महाडला जाऊन उभं ऱ्हातील. बाकीच्यांनी बदला की."

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की त्यांची विभागणी शास्त्रीय आहे.

दुसऱ्या मीटिंगला तिघांनीही आपले असिस्टंट पाठवले. तिसऱ्या मीटिंगला असिस्टंटही आले नाहीत. वडे मी आणि शिपायानं मिळून संपवले. श्रावण संपला, गणपती येऊन गेले आणि माझा नकाशा भिंतीवर तसाच लटकत राहिला. नकाशा दिसायला मात्र देखणा होता.

माझं डोकं चाललं ते आमच्या मोहल्ल्यातल्या पिराच्या उरसामुळे. आमच्याकडे संदलची, म्हणजे पिराला लावायच्या चंदनाची, मिरवणूक निघते. पण पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, त्याचा मान आहे नदीपलीकडच्या लांबच्या गावातल्या एका मराठा घराण्याचा. का, ते कुणालाच माहीत नाही. पूर्वीपासून आहे, एवढंच. ते आल्याशिवाय मिरवणूक हलत नाही. एका वर्षी त्यांची एसटी घाटात बंद पडली. अख्खा मोहल्ला, ताशेवाले, बँड, सगळे ताटकळत उभे. पण ते घराणं चुकलं नाही. म्हातारे मानकरी दुधाच्या टेम्पोत मागं उभं राहून आले. अंगावर दूध सांडलेलं, डोक्यावर फेटा, हातात गलेफ. पुण्यात मोठ्या नोकरीला असलेला त्यांचा मुलगा रजा काढून आलेला. त्याला कुणी मेमो दिला नव्हता की पगार.

हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकलेला. त्या दिवशी जेवता जेवता आठवला आणि मला ठसकाच लागला. मी वेड्यासारखा ओनर शोधत होतो. आमच्याकडे ओनर व्हायला कुणी तयार नसतं. मानकरी व्हायला डोकी फुटतात.

दुसऱ्या दिवशी मी कुणालाही मीटिंगला बोलावलं नाही. चहाच्या टपरीवर कोंडेंना गाठलं.

"कोंडेसाहेब, अजून कुणाला बोलू नका. आप्पा दसऱ्याला मानकरी जाहीर करणारेत. फेटा, नारळ, ऑफिसात पाटी. गावांचा मान धुमाळांकडं चाललाय."

कोंडेंचा कप हातातच राहिला. "गावांचा? आन गावात गाडी कोन नेतं? धुमाळ खुर्चीतनं उठत तरी न्हाई!"

"म्हणूनच गाड्यांचा मान वेगळा काढलाय. तो तुम्हाला द्यायचा की डॉक्टरांना, एवढंच ठरायचंय. त्यांचीही जीप आहे ना."

"जीप?" कोंडे एवढ्या मोठ्यानं ओरडले की टपरीवाल्यानं वळून बघितलं. "ती जीप माझ्या हातात हाय! तिचं टायर म्या बदलतो!"

"बघतो मी. पण एक आहे, मान घेतला की गाड्यांची यादी तुम्हालाच चालवावी लागेल. तुमचाच कोड सगळे वापरणार, आणि तुमच्याशिवाय पान हलणार नाही."

"मग त्यात काय नवं? आत्ता तरी कुठं हलतंय?"

संध्याकाळी धुमाळांना सांगितलं की कोंडेंनी गाड्यांचा मान मागून घेतलाय आणि गावांकडंही त्यांची नजर आहे. धुमाळ त्याच रात्री माझ्या घरी आले. येताना पेढे घेऊन आले. डॉक्टरांना मी काहीच सांगितलं नाही. ते स्वतःच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मला असल्या मानापानात काडीचा रस नाही," ते म्हणाले. "मात्र जनावरांचा मान दुसऱ्या कुणाकडे गेला, तर ते शास्त्रीयदृष्ट्या चूक ठरेल, एवढंच नोंदवतो."

"नोंदवलं, डॉक्टर."

आता आप्पांना पटवायचं राहिलं होतं, कारण दसऱ्याला ते मानकरी जाहीर करणार आहेत हे त्यांनाच अजून माहीत नव्हतं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. फक्त विचारलं, "फेट्यांचा खर्च कुठल्या हेडखाली टाकणार?"

"ट्रेनिंग."

"टाका."

सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात वेल्ह्याहून सुमनताई आल्या. सुमनताई रेणुसे म्हणजे वेल्हे सेंटरच्या इनचार्ज. दुधाच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या की त्यांच्यासमोर पाणी घातलेलं दूध ठेवायची कुणाची छाती नव्हती. त्या बसल्या नाहीत. टेबलाच्या त्या बाजूला उभं राहूनच बोलल्या.

"साहेब, आमचं सेंटर मोडायचं ठरलंय म्हनं. आन हितं तुमी फेटं वाटताय. ज्येचं घर मोडायचं, त्येलाच तेवढं सोडून?"

मी खुर्ची पुढं केली. त्यांनी ती बाजूला सारली.

"वरच्या वस्तीवरच्या बाया मला इचारत्यात, ताई, दिवाळीनंतर दूध कुठं घालायचं? म्या काय सांगू? विंझरपातुर किटली घिऊन चालत जावा? त्यास्नी घरात दुसरा पैका न्हाई साहेब. म्हशीच्या दुधावर पोरं शाळंत जात्यात. म्या लग्न हून आले तवापासनं ह्या दुधात हाय. माझ्या हातनं कुलूप लावायचं व्हय?"

मला स्वतःची लाज वाटली. एवढे दिवस मी तीन मोठ्या माणसांच्या खोड्या काढण्यात रंगलो होतो आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना साधा एक फोन केला नव्हता. पण सोबतच माझ्या नकाशातलं भोकही दिसलं. गावांना मानकरी होता, गाड्यांना होता, जनावरांना होता. जिथं वेल्ह्याचं दूध भोरच्या टँकरमध्ये नाहीसं व्हायचं, त्या फाट्यावर मात्र कुणीच नव्हतं.

"ताई," मी म्हणालो, "एक मान राहिलाय. पहिल्या मापाचा. फाट्यावर वेल्ह्याचा कॅन टँकरमध्ये ओतायच्या आधी माप तुमचं, चिठ्ठी तुमची. मानकऱ्यांच्या कोडची एक पाटी मी फाट्यावर लावतोय. टेम्पोच्या कागदांवर गाव, गाडी आणि सेंटर, तिन्हीचे कोड त्या पाटीवरच्यासारखे असले पाहिजेत. नसतील तर ओतू द्यायचं नाही."

"आन कुनी दांडगाई केली तर?"

"मान तुमचा आहे."

त्यांनी डोळे पुसले. "मलाबी फेटा पायजे. शेला-बिला न्हाई चालायचा."

दसऱ्याला कॉम्प्युटरना झेंडूचे हार घातले, प्रिंटरची पूजा झाली आणि आप्पांच्या हस्ते चार फेटे बांधले गेले. सुमनताईंनी पदरावरूनच फेटा बांधून घेतला. डॉक्टरांनी आपला फेटा दोनदा सारखा केला. रस नसलेला माणूस इतका वेळ आरशात बघत नाही. भोर सेंटरचे इनचार्ज, म्हणजे आप्पांचे सख्खे मेहुणे, मागं उभं राहून हसत होते. "आम्हाला नको बाबा मान," ते म्हणाले, "आमचं सेंटर उत्तम चाललंय."

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.

माझा मोबाईल वाजला. पलीकडून भोरच्या टँकरचा ड्रायव्हर बोंबलत होता. "साहेब, चेलाडी फाट्याला या! ही बाई दूध ओतू दीना!"

मी पोचलो तेव्हा ऊन चढलेलं होतं. दसऱ्यानंतरचं ते ऊन कसं असतं, आमच्या भागात माहीत आहे सगळ्यांना. टेम्पोत कॅनची रांग, त्यांवर ओली पोती, आणि टेम्पोच्या फळीवर फेटा बांधून सुमनताई बसलेल्या. हातात मापाचं भांडं. मागं एसटी थांबलेली, प्रवासी खिडकीतून बघत होते.

"काय झालं ताई?"

"टेम्पोच्या कागदावर गाडीचा कोड जुना हाय. पाटीवर येगळा. गावाचा बी जुळत न्हाई. तुमीच म्हनला, जुळल्याबिगर ओतायचं न्हाई."

"दूध तापलं तर नासेल."

"ते ज्यांचा मान हाय त्यास्नी सांगा."

सांगायची गरजच पडली नाही. कोंडे मोटरसायकलवरून आले. गाडीचा प्रश्न त्यांच्याशिवाय कुणी सोडवला असता, तर ऑफिसातली मानाची पाटी काढून ठेवायची वेळ आली असती. त्यांच्या मागोमाग धुमाळ आले. गेल्या कित्येक वर्षांत धुमाळ फाट्यावर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. डॉक्टर जीपनं आले. का आले, हे त्यांनाही सांगता येईना. म्हणाले, "तीन मानकरी हजर आहेत असं कळलं."

"तुमचा विंझरचा कोड काय धरायचा?" कोंडेंनी धुमाळांना विचारलं. हा प्रश्न मी महिनोन् महिने विचारत होतो.

"पाटीवर आहे तोच."

"मग माझ्या गाडीला तोच लावतो. तुमी बी जनावरं त्याच्यातच घ्या डॉक्टर, येगळं खोरं नगं."

"शास्त्रीयदृष्ट्या..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

"दूध तापतंय डॉक्टर," सुमनताई वरून म्हणाल्या.

"घेतो," डॉक्टर म्हणाले.

टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून तिघांनी एकेक गाव जुळवलं. मी बाजूला उभा राहून उसाचा रस प्यायलो. माझ्या तीन मीटिंगांत जे झालं नाही, ते एसटीच्या प्रवाशांच्या साक्षीनं झालं. कंडक्टरनं तर मध्येच एका वाडीचं नाव सुधारून दिलं. मग सुमनताई उठल्या, पहिलं माप भरलं, चिठ्ठी फाडली आणि टँकरचं झाकण उघडायला सांगितलं. दूध वाचलं. पोती ओली ठेवायची अक्कल ताईंनी वेल्ह्यातूनच आणली होती. वाट बघायला लागणार, हे त्यांनी ओळखलेलं होतं.

दिवाळीच्या आधी मी नवा रिपोर्ट आप्पांसमोर ठेवला. वेल्ह्याच्या नावापुढे पहिल्यांदाच वेल्ह्याचं दूध होतं. सेंटर व्यवस्थित चाललं होतं. भोरच्या नावापुढचं दूध मात्र बरंच आटलं होतं.

आप्पांनी कागद उलटसुलट केला. "म्हणजे इतके दिवस भोर वेल्ह्याच्या दुधावर फुगलं होतं?"

"तसंच दिसतंय."

"मेहुण्यांना ठाऊक असणार हे."

मी छताकडे बघितलं. मग विचारलं, "मग आता भोरचं सेंटर बंद करायचं का?"

आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आतार, मला अजून घरात जेवायचंय. कुठलंच सेंटर बंद होणार नाही."

त्याच दुपारी मी वेल्ह्याला फोन लावला. सेंटर बंद होणार नाही, एवढं ऐकलं आणि सुमनताई फोन तसाच ठेवून बाहेर गेल्या असाव्यात, कारण लांबून बायकांचा गलका ऐकू येत राहिला. मी बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून बसलो होतो. त्या वर्षी दिवाळी मला ईदेइतकीच गोड लागली.

पुढच्या काही वर्षांत सेलला आणखी टेबलं मिळाली, मानकऱ्यांची पाटी लांबत गेली आणि कन्सल्टंटनं येऊन आमच्या पद्धतीला एक भारी इंग्रजी नावही दिलं. ते मला कधीच पाठ झालं नाही. मग सुमनताई रिटायर झाल्या. पुण्याहून आलेल्या एचआरच्या नव्या मॅनेजरनं जागा भरायची जाहिरात तयार केली. ती छापायच्या आधीच फाट्यावर ताईंची सून मापाचं भांडं घेऊन उभी होती.

मॅनेजर माझ्याकडे आले. "हे कुठल्या पॉलिसीत बसतं?"

"मान घराण्यात जातो," मी म्हणालो. "हे मी आधीच लिहून ठेवायला हवं होतं."

"असं कसं चालेल? इंटरव्ह्यू तरी घ्यावा लागेल."

"घ्या. पण तिला इथं बोलावू नका. ती सकाळी फाटा सोडणार नाही."

मग तेच गाडी घेऊन फाट्यावर गेले. सुनेनं त्यांना नमस्कार केला आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही, की साहेब, गाडी बाजूला घ्या, टँकरच्या वाटंत हाय. त्यांनी घेतली. मग एका गावाचा कोड जुळत नव्हता म्हणून तिनं कॅन खाली उतरवून ठेवला आणि त्यांच्याच मोबाईलवरून धुमाळांना फोन लावायला सांगितला. मॅनेजर परत आले ते नेमणुकीचा कागद टाइप करायलाच बसले.

सेलमध्ये येणाऱ्या नव्या मुलांना मी एवढंच सांगतो. जबाबदारी दिलीत तर माणूस आधी सुट्ट्या बघतो, मान दिलात तर सुट्टीच्या दिवशीही येऊन उभा राहतो. देताना मात्र माणूस नीट पारखून घ्या. जबाबदारी राजीनाम्याबरोबर परत मिळते. मान परत मिळत नाही.